‘ला इस्ला मिनिमा’: शेवटी पेद्रोने ते छायाचित्र का फाडले?

रानजाई

नमस्कार. आल्बेर्तो रोद्रीगेस यांनी दिग्दर्शित केलेला ‘ला इस्ला मिनिमा’ हा २०१४ सालचा स्पॅनिश चित्रपट गेल्या शनिवारी भावाबरोबर पाहिला आणि तेव्हापासून आमच्या दोघांचा वाद काही मिटलेला नाही. पुढे शेवटासकट सगळे उघड केले आहे, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया इथेच थांबावे.

आठवणीसाठी कथेचा सांगाडा देते. काळ सप्टेंबर १९८० चा आहे आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या मृत्यूला पाच वर्षेही पुरी झालेली नाहीत. अंदालुसियात, ग्वादलकिवीर नदी समुद्राला मिळण्याआधी जो पाणथळ, भातशेतीचा सपाट प्रदेश लागतो, तिथल्या एका गावात जत्रेच्या दिवसांत एस्त्रेया आणि कार्मेन या दोन किशोरवयीन बहिणी नाहीशा होतात. तपासासाठी माद्रिदहून दोन पोलीस येतात. पेद्रो (राउल आरेवालो) तरुण, नव्या लोकशाहीवर विश्वास असलेला, आणि एका लष्करी अधिकाऱ्यावर टीका करणारे पत्र वर्तमानपत्राला पाठवल्यामुळे वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला आहे. हुआन (हाविएर गुतिएरेस) वयाने मोठा, खाण्यापिण्याचा आणि नाचगाण्याचा शौकीन, आणि चौकशी करताना सहज हात उचलणारा आहे. मुलींचे हाल करून खून झाल्याचे उघड होते, याआधीही गावातल्या मुली अशाच गेल्याचे कळते, आणि शेवटी खुनी सापडतो व मारला जातो.

माझा प्रश्न त्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल आहे. गुन्हेगारी बातम्या देणारा एक वार्ताहर पेद्रोला छायाचित्र देतो. त्यावरून कळते की हुआन हा फ्रँकोच्या राजकीय पोलिसांपैकी होता, त्याने अनेकांचा छळ केला होता, आणि निदर्शनात गोळी लागून मेलेल्या ज्या मुलीचा दोष त्याने आपल्या सहकाऱ्यावर ढकलला होता, तिला मारणारा तो स्वतःच होता. संपूर्ण चित्रपटभर ज्याचा विवेक जागा आहे असे आपण मानत आलो, तो पेद्रो हे छायाचित्र फाडून टाकतो. का? माझा भाऊ म्हणतो की हुआनने त्याचा जीव वाचवला होता, म्हणून. इतका सरळ हिशेब आहे. मला ते उत्तर अपुरे वाटते, पण दुसरे उत्तरही सापडत नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन शंका आहेत. जमीनदार कोरालेसकडे संशयाचे बोट वळते आणि तिथेच थांबते, ते मुद्दाम की पटकथेतली ढिलाई? आणि ‘हे सगळे ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या गाजलेल्या अमेरिकन मालिकेवरून उचललेले आहे’ असे जे ऐकू येते, त्यात कितपत तथ्य आहे?


जुना_कागद

तुमच्या भावाचे उत्तर चूक नाही, पण त्या उत्तराखाली आणखी एक उत्तर आहे, आणि त्यासाठी १९७५ ते १९८० या पाच वर्षांत स्पेनमध्ये काय ठरले ते पाहावे लागते.

२० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रँको मरण पावला तो सत्तेवर असतानाच, आणि अंथरुणात. त्याची राजवट कोणी उलथवली नाही. तिच्याच आतल्या काही माणसांनी विरोधकांशी वाटाघाटी करून तिचे रूपांतर लोकशाहीत केले. जून १९७७ मध्ये निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. हा कायदा विरोधकांनी मागितलेला होता हे इथे विसरून चालत नाही. डाव्या पक्षांना आपली तुरुंगातली माणसे बाहेर काढायची होती, त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, आणि संसदेत कायद्याच्या बाजूने कम्युनिस्टांनी आणि समाजवाद्यांनी मते दिली. पण त्याच कायद्याच्या दोन पोटकलमांनी सरकारी अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी नागरिकांच्या हक्कांविरुद्ध केलेले गुन्हेही धुऊन टाकले. म्हणजे छळ सोसलेला आणि छळ करणारा असे दोघेही एकाच कागदावर मोकळे झाले. त्यानंतर जे घडले, त्याला स्पेनमध्ये ‘विसरण्याचा करार’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

हुआन ज्या ‘ब्रिगादा पोलितिको-सोसियाल’चा, म्हणजे फ्रँकोच्या राजकीय पोलिस पथकाचा माणूस आहे, तिचे माद्रिदमधले ठाणे पुएर्ता देल सोल या भर चौकातल्या जुन्या टपालवाड्यात होते. अटक केलेल्यांना तिथल्या तळघरातल्या कोठड्यांत ठेवत. त्याच इमारतीत आज माद्रिदच्या प्रादेशिक सरकारचे मुख्यालय आहे, आणि तिच्याच मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या बारा ठोक्यांवर सारा देश ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बारा द्राक्षे खातो. हे पथक बरखास्त झाले, तरी त्यातले बरेच अधिकारी नव्या पोलिस दलात तसेच राहिले. ‘बिली एल निन्यो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतोनिओ गोन्सालेस पाचेको या अधिकाऱ्यावर अनेकांनी छळाचे आरोप केले; त्याला १९७७ मध्ये पदक मिळाले. २०१३ मध्ये अर्जेंटिनातल्या एका न्यायाधीशबाईंनी त्याच्या अटकेचा आदेश काढला, २०१४ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने त्याला त्यांच्या हवाली करण्यास नकार दिला, आणि मे २०२० मध्ये तो कोरोनाने मरण पावला तेव्हा त्याची पदके त्याच्याकडेच होती. हा नकार आणि हा चित्रपट एकाच वर्षीचे आहेत, हे लक्षात घेतले तर चित्रपटगृहातल्या स्पॅनिश प्रेक्षकाला ते फाटणारे छायाचित्र कसे दिसले असेल याचा अंदाज येतो.

म्हणून माझे मत असे आहे की ते छायाचित्र पेद्रो एकटा फाडत नाही; त्याच्या पिढीने जे केले तेच तो दोन बोटांनी करून दाखवतो. मात्र त्याला भेकड म्हणून मोकळे होणेही मला जमत नाही. त्याने ते वरिष्ठांकडे दिले असते तर कायद्याने हुआनचे काहीही बिघडले नसते, आणि पेद्रोची मात्र माद्रिदला, गरोदर बायकोकडे परतण्याची वाट बंद झाली असती. शिवाय ती भीती निराधार नव्हती. चित्रपटातल्या घटनांनंतर पाचच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९८१ रोजी, सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलिस दलाचे सशस्त्र जवान माद्रिदच्या संसदेत घुसले आणि त्यांनी खासदारांना रात्रभर ओलीस धरले. पेद्रोला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला ठाऊक आहे, आणि दिग्दर्शकाने काळ १९८० चा निवडला तो हे आपल्याला ठाऊक असणार असे धरूनच.

आता कोरालेस. हॉटेलच्या खोलीत भिंतीवर जो क्रूस आहे आणि त्यावर फ्रँको व हिटलर यांची चित्रे लावलेली आहेत, तो पाहिल्यावरच मला वाटले होते की इथे जमीनदाराला कोणी हात लावणार नाही. शेतमजुरांचा संप चालू आहे, भात कापणीला आलेले आहे, आणि न्यायाधीशापासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाला प्रकरण लवकर मिटलेले हवे आहे. खालचा माणूस मारला गेला की फाइल बंद होते. याला मी ढिलाई म्हणणार नाही.


अबोली

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे आणि त्यातल्या इतिहासाबद्दल माझा काहीही वाद नाही. पण या चित्रपटाबद्दल लिहिताना सगळेजण, आणि मला वाटते दिग्दर्शकसुद्धा, एक गोष्ट फार लवकर ओलांडून पुढे जातात. माझी तक्रार तिच्याबद्दल आहे.

एस्त्रेया आणि कार्मेन आपल्याला कुठे दिसतात? छायाचित्रांत आणि मृतदेह म्हणून. त्यांच्या खोलीत कोस्ता देल सोल या पर्यटकांच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांतल्या नोकऱ्यांची पत्रके सापडतात, आणि त्यावरून त्यांना या गावातून निघून जायचे होते एवढे कळते. त्या कशा बोलत, दोघींमध्ये धीट कोण होती, आईशी कशावरून भांडत, यातले काहीही आपल्या हाती लागत नाही. गावातल्या पुरुषांनी त्यांच्याविषयी ‘त्या तशाच होत्या’ अशा सुरात बोलायचे, पोलिसांनी ते ऐकून वहीत टिपायचे, आणि कॅमेऱ्याने तिथून पुन्हा दोन पुरुषांच्या विवेकाकडे वळायचे, असा एकूण प्रकार आहे. खून मुलींचा, पण शोकांतिका पोलिसाची.

याला एकच अपवाद आहे आणि तो फार मोठा आहे: त्यांची आई रोसिओ. ती नवऱ्याच्या नकळत पोलिसांना गाठते आणि अर्धवट जळालेली निगेटिव्हची पट्टी त्यांच्या हातात देते. तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. कडा काळ्या पडून आकसलेल्या, मध्ये दोन-तीन चौकटी कशाबशा वाचलेल्या. आणि त्या चौकटींत आपल्याच मुली कोणत्या अवस्थेत आहेत हे तिला माहीत आहे. ती पट्टी तिने विस्तवातून वाचवली आणि तरीही लगेच दिली नाही. का दिली नाही, हे नेरेआ बारोस यांनी एकही जास्तीचा शब्द न बोलता दाखवले आहे: मुलींची अब्रू की मुलींचा जीव, हा प्रश्न त्या बाईने रात्रभर एकटीने सोसलेला आहे. नवोदित अभिनेत्रीचा गोया, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार त्यांना मिळाला तो योग्यच होता, पण अख्ख्या चित्रपटात या बाईला जेमतेम काही मिनिटे मिळावीत, हे मला अजूनही खटकते.

रानजाई यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. पेद्रोने छायाचित्र का फाडले याची चर्चा करताना आपण पेद्रोचे कारण शोधतो, हुआनचा इतिहास शोधतो, देशाचा करार शोधतो. पण ते छायाचित्र ज्या प्रसंगाचे आहे त्यात एक मुलगी मेली होती. तिच्यासाठी माद्रिदहून कोणी दोन पोलीस पाठवले नव्हते. तिच्या आईने कुठली पट्टी कुठल्या विस्तवातून वाचवली असेल, हे कोणी विचारलेले नाही. खाजणातल्या मुलींना न्याय मिळावा म्हणून दिवसरात्र वणवण करणारा माणूस त्या मुलीचा एकमेव पुरावा फाडतो, आणि माझी शंका अशी आहे की हे चित्रपटाला कळले आहे की चित्रपटाकडूनही ती मुलगी सुटली आहे? जुना_कागद म्हणतात की पेद्रोच्या पिढीने हेच केले. मान्य आहे. पण त्या पिढीत त्या मुलीचे आईवडीलही होते, आणि त्यांनी काहीही फाडले नव्हते.


सेव्हिलकर

कामानिमित्त मी काही वर्षे सेव्हिलमध्ये राहतो आणि चित्रपटात दिसतो तो प्रदेश माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे, म्हणून कथेपेक्षा जागेबद्दल लिहितो. अभिनय आणि नीती यांवर वर पुरेसे लिहून झाले आहे.

सुरुवातीला आकाशातून घेतलेली जी दृश्ये आहेत, ज्यांत नदीचे फाटे, चिखल आणि शेते मिळून माणसाच्या मेंदूच्या वळ्यांसारखी दिसतात, ती एक्तोर गारीदो यांनी दोन्याना या जवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवर आधारलेली आहेत. जमिनीवरचा चित्रपट मात्र दुसऱ्या एका छायाचित्रकाराचे ऋण सांगतो. आतीन आया हे सेव्हिलचे होते; त्यांनी या पाणथळ भागातल्या माणसांची कृष्णधवल छायाचित्रे काढली, आणि त्यांचे प्रदर्शन पाहूनच या चित्रपटाचे बीज पडले असे दिग्दर्शकाने सांगितलेले आहे. भिंतीला टेकून उभा असलेला, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा, काहीही सांगायची इच्छा नसलेला जो गावकरी चित्रपटात वारंवार दिसतो, तो थेट त्या छायाचित्रांतून उठून आलेला आहे. छायाचित्रणासाठी आलेक्स कातालान यांना सान सेबास्तियनच्या महोत्सवात आणि नंतर गोया पुरस्कारांत गौरवले गेले. एकूण दहा गोया या चित्रपटाला मिळाले.

अशा पाणथळ प्रदेशाला स्पॅनिशमध्ये ‘मारिस्मा’ म्हणतात आणि या शब्दाचे भाषांतर लोक ‘दलदल’ असे करतात. मला ते पटत नाही, आणि अबोली यांनी सहज ‘खाजण’ लिहिले ते वाचून बरे वाटले. भरतीचे खारे पाणी नदीवाटे आत शिरते आणि माणसाने बांध घालून, पाटाचे गोडे पाणी आणून तिथे भात पिकवायचे, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. फरक आकाराचा आहे. इथे हजारो हेक्टर एकसंध भात आहे, टेकडी म्हणून नाही, रस्ते कालव्याच्या कडेने फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ जातात, आणि बी पेरायला विमान येते. चांगल्या पावसाच्या वर्षी सेव्हिल प्रांतात सुमारे ३६,००० हेक्टरवर भात असते. २०२३ च्या दुष्काळात पाणीच न सुटल्यामुळे जवळजवळ पेरणी झाली नाही. इस्ला मायोर, इस्ला मेनोर आणि इस्ला मिनिमा ही खरी नावे आहेत: थोरले बेट, धाकटे बेट आणि सर्वांत धाकटे बेट.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या दिवसांत. दोन किलोमीटरवरची गाडी आधी धुळीचा ठिपका म्हणून दिसते आणि मग पाच मिनिटे ती आपल्याकडे येत राहते. म्हणजे इथे लपायला जागाच नाही. आणि तरीही, बांधावरून खाली उतरून चार पावले लव्हाळ्यात शिरलो तर मागे वळून माझी गाडी मला दिसेना. चित्रपटातला रात्रीचा पाठलाग आठवून पाहा: पांढरी छोटी गाडी पुढे आहे, रस्ता एकच आहे, आणि तरी ती हातून निसटते. इथल्या माणसाला ती अतिशयोक्ती वाटत नाही.

अमेरिकन मालिकेबद्दल. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ जानेवारी २०१४ मध्ये दाखवायला सुरुवात झाली आणि ‘ला इस्ला मिनिमा’चे चित्रीकरण त्याआधी, २०१३ च्या शरद ऋतूत झालेले होते. त्यामुळे उचलाउचलीचा प्रश्न येत नाही. साम्य आहे ते पाणथळ जमीन आणि न पटणारे दोन पोलीस एवढेच. ती मालिका जिथे घडते त्या लुईझियानाहून इथे खरोखर काही आले असेल तर ते म्हणजे लाल झिंगे. १९७४ मध्ये ते या खाजणात मुद्दाम सोडले गेले, त्यांनी कालव्यांचे बांध पोखरले, आणि आता इस्ला मायोरच्या हॉटेलांत तेच टोमॅटोच्या रश्शात शिजवून देतात. चवीला उत्तम असतात.

एक गोष्ट उपशीर्षकांत पूर्ण हरवते, तीही सांगून ठेवतो. अंदालुसियातले लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि माद्रिदचे लोक तो खणखणीत उच्चारतात. त्यामुळे पेद्रोने तोंड उघडले की तो बाहेरचा आहे हे गावकऱ्याला पहिल्याच वाक्यात कळते, आणि समोरचा माणूस त्यानंतर आणखी कमी बोलतो. इंग्रजी उपशीर्षकांवर पाहणाऱ्याला वाटते की माणसे उगाच गप्प आहेत.


टिपकागद

जुना_कागद आणि अबोली या दोघांच्या मध्ये कुठेतरी माझे मत आहे, आणि ते हुआनच्या भूमिकेसाठी निवडलेल्या नटापासून सुरू होते.

हाविएर गुतिएरेस यांना स्पेनमधल्या घराघरांत लोक ओळखत होते ते ‘आगिला रोखा’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या सातुर या विनोदी नोकराच्या भूमिकेमुळे. दिग्दर्शकाने असा लाडका, हसवणारा माणूस मुद्दाम घेतला. तो जत्रेत नाचतो, पिऊन गप्पा मारतो, पोरांशी प्रेमाने बोलतो. लघवीतून रक्त जाते तेव्हा आपल्याला त्याची दया येते. आणि तो कोणाला मारतो तेव्हा आपल्याला मनातून वाटते की बरे झाले, आता हा बोलेल. चित्रपटाचा खरा सापळा हा आहे. वार्ताहर छायाचित्र पुढे करतो तेव्हा पेद्रो जितका अडकलेला असतो तितकेच आपणही अडकलेलो असतो, कारण दीड तास आपण त्याच पद्धतीने मिळालेल्या उत्तरांवर तपास पुढे सरकवला. पेद्रोसुद्धा हळूहळू त्याच मार्गाला लागतो, हे त्याचे त्यालाही उशिरा कळते. पावसात, चिखलात हुआन ज्या सराईत हाताने खुन्यावर चाकू चालवतो, तो हात कुठे सराईत झाला असेल, हा प्रश्न त्या क्षणी आपण विचारत नाही, कारण पेद्रो वाचलेला हवा असतो.

त्यामुळे अबोली यांच्या शंकेला माझे उत्तर असे: ती मुलगी चित्रपटाकडून सुटलेली नाही, आपल्याकडून सुटावी अशी त्याने व्यवस्था केली आहे. मात्र एस्त्रेया आणि कार्मेन यांच्याबद्दलची तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

हुआनला जे पक्षी दिसतात, विशेषतः खोलीत अचानक येणारा तो खंड्यासारखा झगझगीत पक्षी, त्याबद्दल लोक फार लिहितात. मला तो भाग सर्वांत कमी आवडला. मासे साफ करणारी बाई त्याला ‘मेलेले तुझी वाट पाहताहेत’ अशा अर्थाचे सांगते, तेवढे पुरेसे होते. पक्ष्याने तेच पुन्हा सांगायची गरज नव्हती.

जाता जाता: याच कथेवर २०१९ मध्ये ‘फ्रायेस लांड’ हा जर्मन चित्रपट निघाला. त्यात काळ १९९२ चा आणि जागा नुकतीच पश्चिमेला जोडलेल्या पूर्व जर्मनीतली आहे. एक पोलीस जुन्या राजवटीत वाढलेला आणि दुसरा पश्चिमेकडून आलेला. कथा तशीच्या तशी तिथे बसते. राजवट जाते आणि तिचे नोकर त्याच खुर्च्यांवर उरतात, अशी वर्षे बऱ्याच देशांच्या वाट्याला आलेली आहेत.

आणि रोद्रीगेस यांचे काम आवडले असेल तर ‘मोदेलो ७७’ (२०२२) जरूर पाहा. तो बार्सेलोनाच्या मोदेलो तुरुंगातल्या साध्या कैद्यांबद्दल आहे. वर ज्या माफीच्या कायद्याचा उल्लेख आला, त्याने राजकीय कैदी सुटले आणि पोलीस सुटले. चोऱ्यामाऱ्यांसाठी आत गेलेले गरीब मात्र आतच राहिले, आणि ‘मग आम्ही कोण?’ असे त्यांनी विचारायला सुरुवात केली. जुना_कागद यांच्या प्रतिसादाचा तो पुढचा भाग म्हणता येईल.


रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून काल रात्री चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी भावाबरोबर आईही बसली होती.

काही गोष्टी आधी निसटल्या होत्या. वार्ताहर ते छायाचित्र फुकट देत नाही. त्याला बदल्यात बातमी हवी असते, आणि पेद्रो देवाणघेवाण करतो. ज्याने माद्रिदमध्ये सही करून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, तोच माणूस इथे वर्तमानपत्रवाल्याशी कोपऱ्यात उभे राहून सौदा करतो आहे, आणि त्या सौद्यात मिळालेला माल मग फाडतो आहे. जुना_कागद यांनी सांगितलेला करार मला इथे जास्त स्पष्ट दिसला, कारण तो एका दिवसात झालेला नाही. तीन-चार लहान सौदे आधी झालेले आहेत आणि छायाचित्र हा शेवटचा.

पण अबोली, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाही. निघताना हुआन ‘सगळे ठीक ना’ अशा अर्थाचे विचारतो आणि पेद्रो नुसता बघतो. पहिल्यांदा मला ती नजर दोघांमधली वाटली होती: एकाला कळले आहे, दुसऱ्याला ते कळले असावे, आणि दोघेही बोलणार नाहीत. काल मात्र त्या नजरेत मी त्या तिसऱ्या मुलीला शोधत होते, आणि ती मला सापडली नाही. टिपकागद म्हणतात तशी ती व्यवस्था असेलही. माझे समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

भावाने आपले उत्तर बदललेले नाही. तो म्हणतो, जीव वाचवणाऱ्या माणसाला कोणी पकडून देत नाही, उगाच देशाचा इतिहास मध्ये आणू नका. आईने मात्र वेगळेच विचारले. रोसिओ निगेटिव्हची पट्टी देते तिथे तिने थांबवायला सांगितले आणि म्हणाली, ‘हिने जाळातून हात घालून काढली, नवऱ्यापासून लपवली, आणि याच पोलिसांच्या हातात दिली. त्याच हाताने त्याने दुसरा फोटो फाडला ना?’ भाऊ त्यावर काही बोलला नाही.

येत्या शनिवारी ‘मोदेलो ७७’ लावणार आहे. सेव्हिलकर, त्या झिंग्यांच्या रश्शाची कृती मिळाली तर अवश्य द्यावी.